दिवसभर घर बंद असतं: एसी बंद ठेवायचा की २८ वर चालूच? मदत हवी आहे

खमंग_काकडी: सकाळी ९ ते संध्याकाळी ६ घरी कुणी नसतं. आल्यावर बेडरूमची भट्टी झालेली असते, एसी २० वर ठेवला तरी दीड तास थंड होत नाही. ऑफिसात सांगतात, २८ वर चालूच ठेव, बिल कमी येतं. खरंय का? पटकन सांगा.

बिनतारी: गाव? मजला? किती टन? इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) आहे का?

खमंग_काकडी: नागपूर. दीड टन, इन्व्हर्टर, ५ स्टार.

बिनतारी: आणि मजला?

खमंग_काकडी: चौथा. वर गच्ची. त्याचा काय संबंध?

बिनतारी: सगळा संबंध तिथेच आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडतो. तरी एसी बंदच ठेवा. बाहेर ४४ असताना आत २८ राखलं तर १६ अंशांच्या फरकाने उष्णता आत शिरत राहते. बंद खोली ३८ ला गेली की फरक ६ च उरतो. सरासरी ५०० वॅट धरले तरी ९ तासांचे साडेचार युनिट. आल्यावर तासभर पूर्ण जोरात चालला तर दीड.

टोपण_नाव: इन्व्हर्टर कमी वेगावर जास्त कार्यक्षम असतो, हे विसरलात.

बिनतारी: असतो. पण उपसायची उष्णताच वाढवून ठेवली तर काय उपयोग? सेलमध्ये नको असलेली साडी घेण्यासारखं आहे ते.

टोपण_नाव: महावितरणचा टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारा) असेल तर ९ ते ५ सवलत आहे.

बिनतारी: मग वायफायवरून ४ ला चालू करा, ९ ला नको. एकूण युनिट ३०० च्या वर गेले की वरच्या युनिटांचा दर चढतो, ते वेगळंच.

वाळ्याची_ताटी: एसी कशाला? नागपुरात कूलरच!

बिनतारी: मे महिन्यात उत्तम, पण खिडकी उघडी हवी. दोन्ही एकदम नको, कूलरचा ओलावा काढण्यातच एसीची ताकद जाते.

गच्चीवाला: गच्ची धुऊन, तडे बुजवून कूल रूफचा पांढरा रंग दोन हात मारा. चुना स्वस्त, पण पावसात धुऊन जातो. सोसायटीला आधी विचारा. पश्चिमेच्या खिडकीला ग्रीन नेट बाहेरून बांधा. आतला पडदा काच तापल्यावर अडवतो, म्हणजे उशिरा.

फुल_टाकी: गॅस संपला असेल. दरवर्षी भरून घ्यायचा.

बिनतारी: गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, गळतो. गळती न काढता भरला तर पुन्हा तेच. @काकडी, २० ने लवकर थंड होत नाही, नुसतं एसीचं थांबणं लांबतं. २५ आणि पंखा. जाळी धुवा, १५ मिनिटं चालवून थर्मामीटर आधी हवा आत ओढणाऱ्या वरच्या जाळीशी, मग झोताच्या तोंडाशी धरा. फरक १० च्या आसपास हवा.

शंका_कुशंका: आमच्या इनडोअरमधून पाणी टपकतं, ते?

गच्चीवाला: ड्रेन पाइपचा उतार बघा.

खमंग_काकडी: जाळी धुतली, वर ३३, झोत २७. आउटडोअरच्या तांब्याच्या नळीच्या नटावर तेलकट काळा डाग आहे.

बिनतारी: तीच गळती असणार. साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर फ्लेअर (नळीचं नटात बसणारं पसरट तोंड) नव्याने करून घ्या. मग व्हॅक्यूम (नळीतली हवा पंपाने काढणं), आणि गॅस वजनाने मोजून. नुसतं प्रेशर बघून भरणारा आला तर चहा पाजून परत पाठवा.

फुल_टाकी: म्हणजे गॅसच ना!