धंदा वाढवायला मेंटर लागतोच का?

वायरिंगवाला: इलेक्ट्रिक फिटिंगची कामं करतो. आधी एकटाच होतो, मग हाताखाली चार पोरं घेतली, कामं दुप्पट झाली तरी महिनाअखेरीला हातात काहीच राहीना आणि मला वाटायचं पोरं माल वाया घालवतायत. शेवटी याच लाईनमधल्या एका जुन्या कॉन्ट्रॅक्टरना वह्या दाखवल्या. अर्ध्या तासात चूक काढली त्यांनी. माल आणि मजुरी मिळून जो खर्च यायचा त्यावर मी २५ टक्के चढवायचो आणि समजायचो २५ टक्के सुटतायत. पण १०० च्या खर्चावर २५ चढवले की बिल १२५ चं होतं आणि १२५ मधले २५ म्हणजे २० टक्केच ना! गाडी, अवजारं, फोन, पुन्हा जाऊन केलेली दुरुस्ती हा वरखर्च बिलाच्या २२ टक्क्यांवर गेलेला, म्हणजे दर कामात पदरचे घालत होतो. माझं ठाम मत झालंय, माणसं ठेवून धंदा वाढवायचा तर मेंटर हवाच.

रंधा: दादा, हे चांगल्या अकाउंटंटनेही सांगितलं असतं. माझा अनुभव उलटा आहे. ज्या मिस्त्रींकडे सुतारकाम शिकलो त्यांनाच धंद्याचं विचारत राहिलो. ते म्हणायचे ॲडव्हान्स मागू नकोस, गिऱ्हाईक बिथरतं. त्यांच्या वेळी माल उधारीवर मिळायचा, मला सप्लायर रोख मागतो, त्यामुळे प्लाय, हार्डवेअर सगळं माझ्या पैशातून आणि पेमेंट काम संपल्यावर, तेही तीन हप्त्यांत. एका वेळी तीन कामं घेतली की पगाराला पैसे नाहीत. दोन वर्षं असं काढलं कारण मोठ्या माणसाचा शब्द मोडवत नव्हता. शेवटी त्यांना न सांगता ॲडव्हान्स मागायला लागलो आणि एकच गिऱ्हाईक गेलं. एकच! आपल्या चुका आपणच कराव्यात, निदान कारण तरी कळतं.

पाना_पक्कड: रंधा भाऊ, अकाउंटंट झालेला हिशोब बघतो हो, भाव ठरताना तो शेजारी नसतो. मी प्लंबिंगची कामं घेते. एका मोठ्या कामाला समोरचा म्हणाला १० टक्के कमी करा, लगेच फायनल करतो. मी हो म्हणणारच होते पण आधी आमच्या काकांना फोन केला (नात्यातले नाहीत, याच कामातून रिटायर झालेत). त्यांनी एवढंच विचारलं, सुटतात किती? म्हटलं ३०. मग म्हणाले १०० चे ९० होतील, खर्च ७० चा तसाच राहील, उरले २०, म्हणजे तेवढेच पैसे कमवायला दीडपट काम करावं लागेल, तेवढी माणसं आहेत का तुझ्याकडे? नव्हती. भाव कमी केला नाही, त्याऐवजी कामातला एक भाग वगळून दिला. असा प्रश्न विचारणारं माणूस लागतं, काय कर ते सांगणारं नाही.

साधा_माणूस: फी घेऊन मेंटर होणाऱ्यांबद्दलही बोला की. ज्याने कधी पाच माणसांचे पगार स्वतः केले नाहीत तो मला टीम कशी सांभाळायची ते शिकवणार? मी पैसे भरून बसलोय, नुसतं मोठा विचार करा, मोठा विचार करा. माझी उधारी वसूल कशी करायची त्यावर एक शब्द नाही.

वायरिंगवाला: साधा_माणूस, तुमचं शंभर टक्के पटलं, फी घेण्यात गैर नाही पण त्या कामात हात काळे झालेले हवेत. रंधा भाऊ, एक विचारू? मिस्त्रींना तुम्ही वह्या दाखवल्या होत्या का? किती पैसे कुणाकडे किती दिवस अडकलेत, हे त्यांना माहीत होतं?

रंधा: नाही. कामाचं सगळं दाखवायचो, सांधे, पॉलिश, सगळं. पैशाचं दाखवायला लाज वाटायची, त्यांना वाटायचं माझं मस्त चाललंय. पण त्यांनीही कधी मागितल्या नाहीत ना वह्या, आणि सल्ला मात्र दिला. त्या एका गोष्टीचा मला अजून राग आहे.

पाना_पक्कड: राग बरोबर आहे तुमचा. आमच्या काकांनी पहिल्या दिवशी आधी येणं-देणं लिहून आण म्हणून परत पाठवलं होतं मला.