मदत हवी आहे: मावशीच्या १९९३ च्या घटस्फोटाची प्रमाणित नक्कल कुठे आणि कशी मागायची?

नमस्कार. थोडं लांबलचक होईल, पण अर्धवट सांगितलं तर कुणालाच नीट उत्तर देता येणार नाही.

माझी मावशी ६३ वर्षांची आहे. लग्न १९८६ साली झालं, घटस्फोट १९९३ साली. तेव्हापासून ती आजी-आजोबांकडेच राहिली. आजोबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, ते २००४ साली गेले. मग आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. या फेब्रुवारीत आजीही गेली. मावशी शिवणकाम करून महिन्याला जे चार पैसे मिळवते, त्यावर तिचं औषधपाणीसुद्धा भागत नाही. घटस्फोटित मुलीला ते निवृत्तिवेतन पुढे मिळू शकतं असं कळल्यावर अर्ज केला. तो परत आला. शेरा एका ओळीचा: "घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडावी."

हुकूमनामा म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा औपचारिक आदेश. त्याची प्रत आमच्याकडे नाही. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी एक झेरॉक्स मिळाली, अर्जाचं नुसतं पहिलं पान. वरचा भाग वाळवीने खाल्लाय, म्हणजे न्यायालयाचं नाव जिथे असतं नेमका तोच. खाली "हिंदू विवाह अर्ज क्र. १" एवढं वाचता येतं, पुढचा आकडा घडीवर आल्यामुळे पुसलाय, मग तिरकी रेघ आणि १९९१. त्याखाली मावशीचं सासरचं नाव, अर्जदार म्हणून. बस.

मावशी याबद्दल कधीच बोलली नाही. आत्ता विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझे आजोबा न्यायचे तारखेला. एस.टी.ने अडीच तास लागायचे. पुकारा झाला की पोटात गोळा यायचा." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मी पुढे विचारलं नाही. तेव्हाचे वकील हयात नाहीत, त्यांचं कार्यालयही बंद झालंय.

आत्तापर्यंत मी केलेलं: नगरपालिकेच्या विवाह नोंदणी विभागात "घटस्फोटाचा दाखला" मागितला, ते म्हणाले असा दाखला आमच्याकडे नसतो. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर मावशीचं माहेरचं नाव घालून शोधलं, काही आलं नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा का, असा विचार चालू आहे.

मला कळत नाही ते असं. कोणत्या गावच्या न्यायालयात शोधायचं? क्रमांक अर्धाच असेल तर ते शोधून देतात का? इतकं जुनं दप्तर ठेवलेलं असतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मावशीला स्वतः तिथे जावं लागेल का? तिला पुन्हा त्या व्हरांड्यात उभं करायची माझी इच्छा नाही. कृपया ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी एक विचारतो, राग मानू नका. घटस्फोट न्यायालयातूनच झाला होता ना? त्या काळात स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहून, चार माणसांच्या सह्या घेऊन मोकळं व्हायची पद्धत बऱ्याच घरांत होती. आमच्या आत्याचं तसंच निघालं. ज्या समाजात काडीमोडीची रूढी आहे तिथे हिंदू विवाह कायदा कलम २९ मध्ये ती मान्य करतो, पण रूढी सिद्ध करावी लागते. नुसत्या कागदावर सरकारी कार्यालय ऐकत नाही. तसं असेल तर तुमचा रस्ताच वेगळा.

धागाकर्ती

राग कसला. न्यायालयातूनच झाला, अर्जाचं पान आहे आणि मावशीला निकालाचा दिवसही आठवतो, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा.

प्रतिसाद २

वकिली करते, म्हणून जरा सविस्तर.

नगरपालिकेने बरोबर सांगितलं. विवाह नोंदणी असते तशी आपल्याकडे हिंदू घटस्फोटाची वेगळी नोंदवही स्थानिक कार्यालयात नसते. (पारशी विवाह कायद्यात मात्र न्यायालय हुकूमनाम्याची प्रत निबंधकाकडे पाठवतं आणि तिथे नोंद होते.) तुमच्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामा हाच पुरावा, दुसरा दाखला शोधत बसू नका.

आता न्यायालय कोणतं. आज बायको जिथे राहते तिथेही ती अर्ज करू शकते, पण ही सोय २००३ च्या दुरुस्तीने आली. १९९१ साली मावशी माहेरी राहत होत्या, एवढ्यावर माहेरच्या गावी अर्ज चालला नसता. त्या वेळी तीनच मुख्य ठिकाणं: लग्न लागलं ते, नवरा राहत होता ते, आणि दोघं शेवटचे एकत्र राहिले ते. ही तीन गावं कागदावर लिहा. त्यांतलं कुठलं एस.टी.ने अडीच तासांवर आहे बघा.

न्यायालयाचा दर्जाही बघायला लागेल. पुणे आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालयं १९८९ साली सुरू झाली. बाकी ठिकाणी हे अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालायचे, आणि वरिष्ठ स्तर तेव्हा बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणीच असायचं. त्यामुळे गाव तालुक्याचं असलं तरी शोध जिल्ह्याच्या ठिकाणी घ्या.

माहितीच्या अधिकाराच्या फंदात पडू नका. न्यायालयीन प्रकरणातल्या कागदाची नक्कल न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायची, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तुमचे महिने जातील आणि उत्तर तेच येईल.

ई-कोर्ट्सवर माहेरचं नाव घातलंत, तिथेच चुकलं. खटला सासरच्या नावाने आहे. "प्रलंबित" ऐवजी "निकाली" निवडा, आणि इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करून बघा. मिळालंच तर फक्त क्रमांक आणि तारखा मिळतील. निकाल तिथे वाचायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, कारण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ही प्रकरणं बंद दाराआड चालतात आणि त्यातला मजकूर प्रसिद्ध करता येत नाही. नाही मिळालं तरी खचू नका, त्या वर्षांच्या कितीतरी नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत.

प्रतिसाद ३

मी न्यायालयात लिपिक होतो, आता निवृत्त. तुम्हाला दप्तराची काळजी वाटतेय, ती थोडी कमी करतो. प्रकरण निकाली निघालं की कागदांची वर्गवारी होते. समन्स, मुदतीचे अर्ज, किरकोळ कागद ठरावीक वर्षांनी नष्ट होतात. निकालपत्र (कारणांसह लिहिलेला निकाल) आणि हुकूमनामा कायम जपायच्या वर्गात असतात. तेव्हा तीस वर्षं झाली म्हणून गेलं, असं कुणी खिडकीवर तोंडी सांगितलं तर तेवढ्यावर परत येऊ नका.

आकडा पुसला असला तरी चालेल. १९९१ सालची विवाह अर्जांची नोंदवही असते. तुमच्याकडे वर्ष आहे, दोन्ही पक्षांची नावं आहेत, निकालाचा अंदाजे महिना आहे. एवढ्यावर शोधाचा अर्ज द्या. नोंदवहीत अर्ज क्रमांक, नावं आणि निकालाची तारीख एकाच ओळीत मिळते. ती तारीख फार महत्त्वाची, कारण अभिलेख कक्षात (जुनं दप्तर ठेवायच्या खोलीत) गठ्ठे बऱ्याच ठिकाणी निकालाच्या तारखेप्रमाणे लावलेले असतात.

मग नकलेचा अर्ज. त्यात "निकालपत्र व हुकूमनामा" असं दोन्ही लिहा. लोक फक्त "ऑर्डर" लिहितात आणि चुकीचा कागद हातात पडतो. कोर्ट फी स्टँप लागतो, पानांप्रमाणे खर्च भरावा लागतो, पावती जपून ठेवा. कशासाठी हवी तेही लिहा, वृद्ध बाईंच्या निवृत्तिवेतनासाठी म्हटलं की माणसं जरा हात चालवतात, हा माझा अनुभव.

खरोखरच सापडलं नाही तर तसा लेखी शेरा मागा आणि नोंदवहीतल्या त्या ओळीचा प्रमाणित उतारा घ्या. हातात काही नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

प्रतिसाद २

मावशींच्या जाण्याबद्दल राहिलं. त्या स्वतः पक्षकार आहेत, त्यामुळे नक्कल हा त्यांचा हक्क आहे. तुम्ही तुमच्या नावाने अर्ज केलात तर तुम्ही त्रयस्थ ठरता, प्रतिज्ञापत्र करून कारण द्यावं लागतं आणि अशा नाजूक प्रकरणात नकारही येऊ शकतो. अर्ज मावशींच्या नावाने, त्यांच्या सहीने करा. सोबत तुम्हाला दिलेलं अधिकारपत्र आणि दोघींची ओळखपत्रं. काही ठिकाणी अधिकारपत्र चालवून घेत नाहीत, मग तिथल्या एखाद्या वकिलाच्या वकीलपत्रावर त्यांची सही घ्या. दोन्ही सह्या घरी बसून होतात.

आणि पेटी पुन्हा एकदा बघा. घटस्फोट झाला की हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची, असं कलम २३ मध्येच आहे. म्हणजे १९९३ साली ती आजोबांच्या हातात पडलेली असणार.

प्रतिसाद ४

आईच्या वेळी हे सगळं केलंय. न्यायालयाचं नाही, पण निवृत्तिवेतनाचं सांगते. केंद्राच्या नियमात घटस्फोटित मुलीला वयाची २५ वर्षांची अट लागत नाही, पुनर्विवाह झालेला नसावा, आणि महिन्याचं उत्पन्न ९००० रुपये अधिक त्यावरची महागाई सवलत यापेक्षा जास्त नसावं. मुख्य बघतात ती घटस्फोटाची तारीख, आई-वडिलांपैकी कुणी हयात असताना झाला का. २०१७ पासून घटस्फोटाचा दावा त्यांच्या हयातीत दाखल असेल तरी चालतं. तुमच्या मावशींचा निकालच १९९३ चा, तेव्हा ती अडचण नाही. हुकूमनाम्यावर सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, नाहीतर अर्ज त्यासाठी पुन्हा परत येईल.

धागाकर्ती (सात आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय, माफ करा.

तीन गावं लिहिली. शेवटचे एकत्र राहिले ते गाव ज्या जिल्ह्यात, तिथलं जिल्ह्याचं ठिकाण बरोबर अडीच तासांवर निघालं. मावशीने अर्जावर आणि अधिकारपत्रावर घरीच सही केली. सासरचं नाव लिहिताना मधेच थांबली, मग पूर्ण केलं.

पहिल्या दिवशी खिडकीवर "एवढं जुनं नाही मिळायचं" हेच ऐकायला मिळालं. प्रतिसाद ३ वाल्या काकांचं वाक्य डोक्यात होतं म्हणून हललेच नाही, लेखी शोध अर्ज दिला. दुसऱ्या खेपेला एका लिपिक बाईंनी नोंदवही काढली. कापडी बांधणीची, कडा खाऊन गेलेल्या. त्या बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. क्रमांक १४ होता. शेजारी दोन्ही नावं, शेवटच्या रकान्यात लाल शाईत निकालाची तारीख, ऑगस्ट १९९३. मावशीने सांगितलेला महिना चुकला नव्हता.

पुढे नक्कल यायला एकोणीस दिवस लागले. काल हातात आली: निकालपत्राची सहा पानं, हुकूमनाम्याचं एक, प्रत्येकावर गोल शिक्का, मागे अर्ज केल्याची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख. प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलं होतं, त्यामुळे आज सकाळी अर्ज पुन्हा दाखल केला, पोच घेतली.

मावशीने रात्री चष्मा लावून सगळी पानं वाचली. मी समोरच बसले होते. मग म्हणाली, "याच्या दोन झेरॉक्स काढ, आणि पेटीत नको ठेवूस, वाळवी आहे."