ऐकणारे होते, तरी क्लासिकल स्टेशनं का गेली?
श्रोतेच उरले नाहीत म्हणून अमेरिकेतली कमर्शियल क्लासिकल स्टेशनं, म्हणजे जाहिरातींवर चालणारी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची रेडिओ स्टेशनं संपली, असं म्हटलं जातं, ते मला अर्धवट वाटतं. न्यूयॉर्कचं डब्ल्यूक्यूएक्सआरच घ्या ना, 1944 पासून न्यूयॉर्क टाइम्सकडे होतं, निष्ठेने ऐकणारेही होते, पण 2009 मध्ये टाइम्सने कर्ज कमी करायला ते विकलं, आणि त्याची 96.3 ही एफएम फ्रिक्वेन्सीच मोक्याच्या प्लॉटसारखी महाग होती. युनिव्हिजन या स्पॅनिश भाषेतल्या प्रसारण कंपनीने ती घेतली, बदल्यात आपली 105.9 दिली, वर 33.5 मिलियन डॉलर मोजले, आणि स्टेशनचं नाव नि ती 105.9 सार्वजनिक रेडिओ डब्ल्यूएनवायसीकडे गेली. वाचलं खरं, पण प्रक्षेपणाची ताकद 6000 वॅटवरून 600च्या आसपास आली, म्हणजे लांबच्या उपनगरातल्या जुन्या श्रोत्यांच्या नशिबी नुसती खरखर. याचं मला फार वाईट वाटतं.

मुळात जाहिरातवाल्यांना 25 ते 54 वयाचे लोक हवेत, क्लासिकलचा श्रोता बराचसा त्यापुढचा, आणि तासाभराच्या सिंफनीत जाहिरात घुसवणार कुठे? सिएटलच्या किंग एफएमने 2011 मध्ये जाहिराती सोडून देणग्यांवर चालायचं ठरवलं, ते अजून चालू आहे.

ब्रिटनचं क्लासिक एफएम मात्र 1992 पासून जाहिरातींवरच उभंय. दिवसभर एखादी मूव्हमेंट (मोठ्या कृतीचा एक भाग), एखादा तुकडा, मग जाहिरात. जाणकार नाकं मुरडतात पण मला ते पटतं, नवा माणूस त्या तुकड्यांमधूनच आत येतो आणि संध्याकाळी तिथे पूर्ण कृतीही लागतात.