आठवीतला मुलगा, खांद्यापर्यंत केस आणि सोमवारची मुदत

आबोली (वेंगुर्ला तालुका)

नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदा आठवीची वर्गशिक्षिका आहे आणि शिस्तीचं कामही माझ्याकडेच आहे. म्हणजे रोज परिपाठाआधी ओळींमधून फिरून नखं, केस, बूट, ओळखपत्र बघायचं आणि वहीत नोंद करायची. ही वही मी ९ वर्षं लिहिते आहे. आता एका मुलाच्या नावापुढे काय लिहू ते सुचत नाही, म्हणून इथे विचारते.

मुलगा १३ वर्षांचा. वडील दशावतारात, म्हणजे जत्रेत रात्री होणाऱ्या लोकनाट्यात काम करतात, काकाही. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होता, जूनमध्ये आमच्याकडे आला. दोन वर्षं केस कापलेले नाहीत, आता खांद्याला टेकतात. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात आणि हा आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, गणपतीसोबत ऋद्धी म्हणून उभा राहतो. पुढे स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारा नट, व्हायचं आहे, हे तो अख्ख्या वर्गासमोर सांगतो. शाळेत येताना केसांना तेल, मागे घट्ट बांधलेले. उवा नाहीत, कोंडा नाही. शर्ट वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा स्वच्छ. जूनपासून मी वहीत त्याची नोंदच केली नाही. सूट द्यायचा अधिकार मला नव्हता, तरी मी ती दिली.

गेल्या गुरुवारी संस्थेचे एक पदाधिकारी आले होते. परिपाठ चालू असताना त्यांनी मोठ्याने विचारलं, मुलांच्या रांगेत मुलींसारखे केस घेऊन हा कोण उभा आहे? मुलं हसली. दुपारी मुख्याध्यापकांनी सांगितलं, सोमवारपर्यंत केस कापून आला नाही तर वर्गात घ्यायचं नाही. नियमपत्रिकेत वाक्य एकच आहे: मुलांचे केस बारीक कापलेले असावेत. शुक्रवारी तो आलाच नाही. वडिलांना फोन केला तर म्हणाले, "बाई, तुमी सांगश्यात तसा करू." त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी गणवेशाच्या विरुद्ध नाही, उलट पक्की बाजूने आहे. आमच्याकडे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावर मासेमारीचं जाळं ओढायला जाणाऱ्याची मुलगी आणि दवाखाना चालवणाऱ्याचा मुलगा एका बाकावर बसतात. वाढदिवसाला रंगीत कपडे घालायची मुभा आहे, तर माझ्या वर्गातल्या दोन मुली स्वतःच्या वाढदिवसाला दरवर्षी गैरहजर असतात. आषाढात कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून वाळवलेले गणवेश घालून मुलं येतात, सगळ्या वर्गाला धुराचा वास असतो आणि त्यात कुणाचं घर कसं ते कळत नाही. हे मला हवं आहे.

पण गणवेश संध्याकाळी पाच वाजता खुंटीला लागतो. केस मुलाबरोबर जेवतात, झोपतात, जत्रेला जातात. ज्या गोष्टीवर शाळा सुटल्यावरही शाळेचाच हुकूम चालतो, तिथे शाळेने हात घालताना दहादा विचार करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मुख्याध्यापक म्हणतात, याला सोडलं तर उद्या बाकीचे भादरलेले कल्ले आणि रंगवलेले केस घेऊन येतील. ही शंका खोटी नाही. त्यांना काय उत्तर देऊ?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बाई, मी निवृत्त मुख्याध्यापक. माझ्या टेबलाच्या खणात कात्री असायची. केस वाढलेल्या मुलाच्या डोक्यावर मागून एक कातर मारायची, म्हणजे त्याला न्हाव्याकडे जावंच लागतं. त्या काळी ही सर्रास पद्धत होती आणि मी ती अभिमानाने वापरली. १९९४ साली पाचवीतल्या एका मुलाचे केस असे कापले. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. रुमालात बांधलेली बट तिने टेबलावर ठेवली. नवसाचे केस होते, शिमग्याला ग्रामदेवतेपुढे उतरवायचे होते. ती मला एक शब्द बोलली नाही, निघून गेली. कात्री मी त्याच दिवशी शिपायाला देऊन टाकली. त्या माउलीची माफी मात्र मागायला गेलो नाही. ते आजही सलतं.

तुमच्यासाठी एकच सांगतो. सूट मागू नका. सूट मागितली की लाडका-दोडका सुरू होतं. नियमाचं वाक्य बदलून मागा: केस स्वच्छ, विंचरलेले असावेत, आणि खांद्यापर्यंत येत असतील तर बांधलेले असावेत. मुलगा-मुलगी दोघांना तेच. वडिलांचं पत्र घ्या आणि शालेय समितीच्या बैठकीत विषय ठेवायला लावा. आणि सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊ नका. उद्याच मुख्याध्यापकांच्या घरी जा. ऑफिसात माणूस खुर्चीतून बोलतो.

नारळीपौर्णिमा (गुहागर)

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझ्या मुलाने नववीत कानावरचे केस मशीनने बारीक आणि वर लांब असे कापून घेतले. शाळेने परत पाठवला. मी त्याला घेऊन सलूनमध्ये गेले, सगळे सारखे करून आणले, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता दशावतारासाठी केस चालतात म्हणून एकाला मोकळीक दिली, तर माझा मुलगा विचारणार, मला आवडतं हे कारण कमी का? त्याला मी काय सांगू?

आणि एक आई म्हणून दुसरी काळजी. तेरा वर्षांचं पोर रात्रभर जत्रेत जागतं, तेव्हा शाळा कुठे असते? केसांपेक्षा झोप मोठी नाही का?

आबोली

राग कसला, दोन्ही प्रश्न योग्य आहेत. झोपेबद्दल: पालखी झाल्यावर बारा-एकला आडदशावतार उभा राहतो, त्याचं काम पहिल्या तासाभरात संपतं, मग तो पेटाऱ्याशेजारी चादर घेऊन झोपतो. वडिलांशी मी नोव्हेंबरमध्येच ठरवून घेतलंय, आठवड्यात शाळेचा दिवस असेल तर फक्त आपल्या गावची आणि आजोळची जत्रा, बाकी शनिवारी. ते त्यांनी पाळलंय.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. चिपळूणच्या सरांचं वाक्य लागू केलं तर तुमच्या मुलाचेही केस चालायला हवेत. आणि खरं सांगते, चालावेत.

वळेसर (मूळ शिरोडा, सध्या पुणे)

मी कॉलेजला आहे. मुलींचंही लिहिते, कारण केस म्हटलं की सगळे मुलांचंच बोलतात. आम्हाला दोन वेण्या, वर दुमडून, लाल रिबिनी. जुलैमध्ये सकाळी न्हालं की केस दुपारपर्यंत ओले, त्यात करकचून वेण्या. मानेला सतत ओल, डोकं ठणकायचं, आणि घरी येऊन सोडल्या की कुबट वास. एक सैल वेणी चालेल का विचारलं, तर नाही. का नाही, ते कुणी सांगितलं नाही. शनिवारी पीटीला पांढरे बूट. आमच्याकडच्या तांबड्या मातीत! खडू फासून यायचो, तो चिरेबंदी पायरीवर पोचेपर्यंत उतरायचा.

सुरंगी फुलते तेव्हा आजी पहाटे उठून कळ्या काढायची. एकदा तिने केलेला वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, घालून गेले, तर फाटकावरच काढायला लावला. मी तो दप्तरात ठेवला, दिवसभर सगळ्या पुस्तकांना वास. रिबिनींचा रंग आता नीट आठवत नाही, तो वास आठवतो. आजी विचारायची, बाईंना आवडलो काय? मी हो म्हणायचे.

जांभाचिरा (सावंतवाडी, वकिली)

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येत नाही. या कायद्यात बालक म्हणजे ६ ते १४ वर्षांचं मूल, म्हणजे हा मुलगा त्यात बसतो. परिपाठात सगळ्यांसमोर हसू करणं आणि केसांसाठी वर्गाबाहेर ठेवणं, हे त्या कलमासमोर टिकवणं शाळेला जड जाईल. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये केरळच्या तीन भावंडांना शाळेत परत घ्यायला लावलं होतं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. गणवेश ठरवायचा अधिकार शाळेला आहेच. कर्नाटकातल्या हिजाबच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, यावरून हा विषय किती नाजूक आहे ते कळेल. पण बाई, कायद्याचं कलम पहिल्या भेटीत काढू नका. कलम दिसलं की माणसं हट्टाला पेटतात.

वाशिष्ठीकाठ

वकीलसाहेबांशी सहमत. आणि मुख्याध्यापकांना एक आठवण करून द्या. मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या, जीन्स नको, टी-शर्ट नको. आम्ही काय घालायचं ते आम्हाला कळत नाही का, असं तेव्हा माझ्या ओळखीचे किती शिक्षक कळवळून बोलत होते. तो कळवळा आठवला तर मुलाचं समजेल.

पायपेटी (कुडाळ)

बाय, मी बावीस वर्षां स्त्रीपार्टी करतंय. सगळा वाचलंय. माका दोन गोष्टी सांगूच्यो आसत.

एक म्हणजे केस आसले म्हणान कोण द्रौपदी होणा नाय. आमच्या आधीची माणसा टोप घालूनच उभी रवली, आणि लोकांका रडवल्यानी. सवताचे केस आसले तर बरा, चालताना मान हलवक बरी, पण त्याच्यावाचून अडणा नाय. तेवा दशावतारासाठी केस होयेच, असा कोणाक सांगू नकात. ता खरा नाय.

दुसरी गोष्ट. माका शाळेत बायलो म्हणत. मास्तरय म्हणी. नववीत मी शाळा सोडलंय. आज माका वाचूक येता, पण आख्यानाचो कागद करूचो झालो की दुसऱ्याक इचारूचा लागता. केस कापले तर वाढतत. शाळा सुटली ती सुटली. त्या झिलाक शाळेत ठेवा, मगे केसांचा बघूया.

आणि बाय, तुमी सगळ्यांका इचारल्यात. झिलाक इचारल्यात काय?

आबोली

नाही विचारलं. हे वाचलं आणि रविवारी दुपारी त्याच्या घरी गेले. मागच्या पडवीत बसला होता, केस मोकळे. मी विचारलं, तुला काय हवंय? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "केस कापतंय मी, माका काय नाय." मला वाटलं, संपलं. तेवढ्यात म्हणाला, "पण मुलींसारखे म्हटल्यानी तर हसले कित्याक? जत्रेत मी ऋद्धी झालंय की तीच माणसा पाया पडतत."

मी त्याला सांगितलं, केस कापू नकोस, सोमवारी बांधून ये. मग तशीच मुख्याध्यापकांच्या घरी गेले. कलम काढलं नाही. मुलगा काय बोलला ते फक्त त्याच्याच शब्दांत सांगितलं. ते स्वतः जत्रेत पहिल्या रांगेत बसणारे गृहस्थ. त्यांच्या पत्नी आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. ते म्हणाले, बैठकीपर्यंत बसू दे वर्गात, पुढचं मी एकटा ठरवू शकत नाही. बैठक २० तारखेला आहे. संस्थेचे ते पदाधिकारीही असतील. नवं वाक्य मी लिहून दिलंय, मुलगा-मुलगी दोघांसाठी एकच. शिरोड्याच्या मुलीचं वाचून खाली एक ओळ वाढवली: पावसाळ्यात केस एका वेणीत किंवा सैल बांधले तरी चालतील. मंजूर होईलच असं नाही. कुडाळच्या दादांचं म्हणणं मी लक्षात ठेवलंय, काहीही झालं तरी मुलगा शाळेबाहेर जाता कामा नये.

आज तो आला. मुलं बघत होती, हसलं कुणी नाही. मी ओळीतून फिरले, त्याच्यापाशी थांबले आणि जूनपासून पहिल्यांदा वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं: केस स्वच्छ, बांधलेले.