मदत हवी आहे: टेकड्यांवर काही होत नाही, जुन्या रेल्वेच्या सपाट वाटेवर मात्र हात बधिर

वळणवाट
जाणकारांनी जरा लवकर सांगा, रविवारी परत जायचंय. माउंटन बाइक आहे. रूट असा की निम्मा टेकड्यांचा, म्हणजे सारखे चढउतार, शेताच्या कडेच्या गाडीवाटा, थोडी गवताची कुरणं, आणि उरलेला निम्मा जुन्या रेल्वेलाइनचा, रूळ काढून टाकलेत आणि वर बारीक खडी दाबलीये. मला वाटलेलं टेकड्यांवर हाल होणार आणि रेल्वेच्या वाटेवर आराम, झालंय बरोबर उलटं. टेकड्यांवर मी मजेत असतो आणि त्या सपाट वाटेला लागलं की तासाभरात बोटं बधिर, सीटवर बसवत नाही, स्पीडही मिळत नाही आणि एवढी सुंदर वाट कधी एकदा संपते असं होतं. टायर बदलू का सीट? एकच सांगा, दोन्ही घ्यायचं नाहीये.

चेनतेल
शॉकअप पुढेच की दोन्हीकडे? टायर किती रुंद? हवा किती भरता? तुमचं वजन? चाक २९ इंची की २७.५? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

वळणवाट
पुढे शॉकअप आहे. टायर जाड, खडबडीत, सायकलबरोबर आलेले. मला फक्त टायर की सीट एवढंच हवंय.

सावकाश_सायकली
दोन्ही नको. सायकल बदला. रेल्वेच्या वाटेसाठी ग्रॅव्हल बाइकसारखं (खडीच्या वाटांसाठीची हलकी सायकल) दुसरं काही नाही, हँडल खाली वळलेलं असल्याने हात धरायला तीन-चार जागा मिळतात, वजन कमी, टायर पळतात. मी माउंटन बाइक सोडून ग्रॅव्हलवर आलो आणि लांबच्या राइडनंतर हाताचा त्रास कायमचा गेला. माउंटन बाइकच्या सरळ दांड्यावर हात एकाच जागी अडकून पडतात, हा त्या सायकलचा स्वभावच आहे.

माळरान
निम्मा रूट टेकड्यांचा आहे असं स्पष्ट लिहिलंय त्यांनी. शेतातल्या चाकोऱ्या वाळून कडक झालेल्या असतात तेव्हा ग्रॅव्हलच्या ४० मिमीच्या टायरवर उतरून बघा. ज्या भागात ते मजेत आहेत तोच भाग तुम्ही बिघडवायला सांगताय. हात धरायच्या जागांबद्दल मात्र सहमत, त्यावर सायकल न विकताही उपाय आहे.

टाचणी
ट्यूबलेस करा, म्हणजे ट्यूब काढून टायरमध्ये भोकं बुजवणारं द्रव. विषय संपला. हवा कमी ठेवता येते, खडीची थरथर कमी होते, काट्यांची बारीक भोकं आपोआप बुजतात. बाकी सगळं नंतर.

वळणवाट
बरं घ्या. टायर २.४ इंची, चाक २९, ट्यूब आहे, हवा ५० पीएसआय, टायरच्या बाजूला लिहिलंय तेवढी. वजन ७४. आता सांगा.

चेनतेल
५०!! अहो तो आकडा जास्तीत जास्त किती चालेल याचा आहे, किती भरा याचा नाही. ७४ किलोला २.४ च्या टायरमध्ये ट्यूब असताना मागे २८-३० आणि पुढे २६-२७ पीएसआयने सुरुवात करा. एवढ्या कडक टायरने प्रत्येक खडा थेट हँडलपर्यंत येतो. आणि कडक टायर जास्त पळतो हे गुळगुळीत डांबरावर काही प्रमाणात खरं असेल, खडीवर नाही, तिथे तो खड्यावरून उडतो आणि पुढे जायची ताकद वर-खाली होण्यात जाते. काहीही विकत घ्यायच्या आधी हवा सोडा, फुकट आहे.

टाचणी
ट्यूब असताना २६ ला उतारावर दगड लागला की ट्यूब रिमवर चेपून शेजारी शेजारी दोन भोकं पडणार. म्हणून तर म्हणतोय ट्यूबलेस.

चेनतेल
७४ किलोला २.४ च्या टायरमध्ये पुढे २६ ला नाही पडत, दगडांवर सीटवर दगडासारखं बसून नाही राहिलं तर. पडलीच तर २ ने वाढवा. रविवारच्या आत ट्यूबलेस कशाला करायला लावताय त्यांना?

मणका
मी फिजिओ आहे, लांब सायकल चालवणारे बरेच येतात माझ्याकडे. हवेचं पटतंय पण एक प्रश्न राहतोच, टायर तर टेकड्यांवरही तेवढाच कडक होता, मग तिथे हात का नाही बधिर झाले? बोटं नेमकी कुठली ते सांगा. आणि रेल्वेच्या वाटेवर तुम्ही किती वेळा सीटवरून उठता?

वळणवाट
करंगळी आणि तिच्या शेजारचं. दोन्ही हातांची. उठायचं कशाला? सपाट आहे ना.

मणका
तिथेच उत्तर आहे. करंगळी आणि अनामिकेचं निम्मं अंग, इथली संवेदना अल्नर नावाची नस बघते, ती तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने मनगटाशी अगदी वरून जाते आणि हँडलवर भार टाकला की तिथेच दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर झालं असतं तर दुसरी नस आणि मनगट मागे मोडल्याची शंका घेतली असती. टेकड्यांवर तुम्ही चढाला पुढे सरकता, उताराला उभे राहता, वळणाला कलता, म्हणजे दर मिनिटाला भार हलतो. रेल्वेच्या वाटेवर वळणं मोठ्या त्रिज्येची, चढ एकसारखा, खाली सोडून द्यायला उतार नाही, त्यामुळे तुम्ही एकाच बैठकीत तास काढता. शरीराला मेहनतीपेक्षा न हलणं जास्त बाधतं. दर दहा मिनिटांनी गिअर एक-दोन जड करून वीस-तीस पायडल उभ्याने मारा, हात आळीपाळीने सोडून झटका, कोपर किंचित वाकलेले ठेवा. आणि राइड संपल्यावरही बधिरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला किंवा बोटांत जोर कमी वाटला तर मात्र अंगावर काढू नका, डॉक्टरला दाखवा.

चढणकरी
एक कोणीच विचारलं नाही. हे जाताना होतं की येताना?

वळणवाट
जाताना. टेकड्या करून रेल्वेच्या वाटेने पुढे टोकापर्यंत जातो आणि त्याच वाटेने परत. येताना त्रास कमी, खरं तर येताना दमलेला असतो म्हणून जास्त व्हायला हवा. वाऱ्यामुळे असेल.

चढणकरी
वारा नाही. ती वाट चढतीये. तुम्ही जिला सपाट म्हणताय ती बहुतेक एक-दीड टक्का चढ आहे आणि डोळ्याला तो दिसतच नाही, कारण दोन्हीकडे भराव नाहीतर कापलेला डोंगर, तुलना करायला काही नसतं. टेकडीवर दहा टक्के चढ असला तरी तो पाच मिनिटांत संपतो आणि पलीकडे उतार बक्षीस मिळतो. रेल्वेचा दीड टक्का पंधरा-वीस किलोमीटर सोडत नाही. अमेरिकेतली ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज बघा, जुन्या रेल्वेलाइनचीच वाट, पिट्सबर्ग ते कंबरलंड २४० किमी, कंबरलंडच्या बाजूने निघालात तर सुमारे ३८ किमी सलग चढ आहे, कुठेही पावणेदोन टक्क्यांच्या फार वर जात नाही आणि तरी लोक वर पोचेपर्यंत गप्प होतात. दुसऱ्या बाजूने यावं तर बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्याही आत. तीच वाट, फक्त दिशा वेगळी. येताना तुम्ही पायडल थांबवू शकता, हातपाय मोकळे होतात, म्हणून त्रास नाही. जाताना तुम्ही सपाट वाटेच्या स्पीडची अपेक्षा धरून चढाला जोर लावताय आणि तो सगळा जोर हँडल ओढण्यात जातोय. एक गिअर हलका करा, जास्त स्पीडच्या मागे लागू नका, ताशी १८ ने जा.

रुळावरून
रेल्वेची वाट दोन टक्क्यांच्या वर सहसा जात नाही याला कारण आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर, पकड कमी, इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून खोलगट जागी भराव टाकायचा, उंचवटा कापायचा, अगदीच डोंगर आला तर बोगदा. ते सगळं काम आज सायकलवाल्याला आयतं मिळतंय. आणि या वाटा आल्या कुठून तर ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुमारे ५००० मैल मार्ग आणि २३६३ स्टेशनं बंद करा म्हणून सांगितलं, अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने बंद लाइनची जागा वाट म्हणून राखता येऊ लागली, स्पेनने १९९३ पासून व्हियास व्हेर्देस (हिरव्या वाटा) सुरू केल्या त्या आज ३००० किमीच्या पुढे आहेत. फार मोठी गोष्ट आहे ही, यावर वेगळा धागा हवा.

माळरान
अवांतर होतंय पण दुरुस्ती करतो. 'दोन टक्क्यांच्या वर जात नाही' हे डोळे झाकून मानू नका. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधली हाय पीक ट्रेल घ्या, जुनी क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे. तिथे मिडलटन इन्क्लाइन, म्हणजे तिथला चढ, आठास एक आहे, म्हणजे बारा टक्के, हॉप्टनची चौदास एक. सुरुवातीला तिथे डबे वरून ओढून घ्यायचे, वर वाफेची स्थिर इंजिनं होती. सपाट म्हणून गेलात तर त्या चढाशी सायकल ढकलावी लागेल.

रुळावरून
मी 'सहसा' लिहिलंय. आणि बीचिंगच्या आधीच कित्येक लाइन बंद झाल्या होत्या, हेही लिहायचं राहिलं.

वळणवाट
इतिहास छान आहे पण रविवार जवळ आलाय. चढाचं पटलं, मॅपवर उंची बघितली, खरंच वर जातीये, या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास २०० मीटरचा फरक आहे आणि मला कधी कळलंच नाही. पण सीटचं काय? आणि स्पीडसाठी पुढची चेनरिंग (पायडलजवळचं दातेरी चाक) ३२ दातांची आहे ती ३६ ची करू का? मागे १० ते ५१ दातांची चाकं आहेत.

सावकाश_सायकली
३६ करा, सपाटीला ३२ वर पाय फिरत राहतात नुसते.

चेनतेल
अजिबात करू नका. २९ च्या चाकाला ३२-१० वर एका फेऱ्यात सायकल साडेसात मीटर जाते, मिनिटाला ८० फेरे म्हणजे ताशी ३५ च्या पुढे. तुम्ही खडीच्या चढावर ३५ ने जाणार आहात का? ३६ टाकली तर टेकडीच्या तीव्र चढाला मागे ५१ दातांचं चाक असूनही हलका गिअर हातचा जाईल, आणि फ्रेममध्ये ३६ बसते का हाही प्रश्न. सीट किती उंच ठेवता?

वळणवाट
उतारावर खाली करतो, क्लॅम्प आहे, हाताने. टेकड्या संपल्यावर रेल्वेच्या वाटेला ती तशीच असते, सपाट वाटेला उंच कशाला.

मणका
मग सीटचं दुखणं तिथून येतंय. खाली सीटवर गुडघा पूर्ण उघडत नाही, मांड्यांचा जोर कमी लागतो, सगळं वजन बुडावर बसून राहतं आणि तासभर घासतं. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, मग चवड्याने चालवताना गुडघ्याला थोडा बाक राहतो. खांबावर टेपने खूण करा आणि रेल्वेच्या वाटेला लागायच्या आधी तिथपर्यंत वर घ्या. सीटचं नाक आडवं सपाट ठेवा, खाली झुकलं असेल तर तुम्ही पुढे घसरता आणि तो भार परत त्याच नसेवर येतो. नवीन सीट आत्ता घेऊ नका, खालच्या उंचीवर कुठलीही सीट वाईटच वाटेल.

पाऊलखूण
बोगद्यात लाइट लावा हे कोणीच लिहिलं नाही. इंग्लंडमधल्या बाथजवळचा कूम डाउन बोगदा १६०० मीटरच्या वर आहे, तिथे दिवे बसवलेत, पण अमेरिकेतल्या स्नोक्वाल्मीचा साडेतीन किलोमीटरच्या पुढचा, आत पूर्ण अंधार आणि भर उन्हाळ्यात गारठा. पुढे लाइट, मागे लाल, जॅकेट, आणि उन्हातून आत शिरताना आधी गॉगल काढायचा. चालणारे लोक, घोडेवालेही याच वाटांवर असतात, घंटी लांबूनच वाजवा.

वळणवाट
माझ्या वाटेवर बोगदा नाही, एक लांब पूल आहे फक्त. घंटी आहे.

माळरान
पुलावर फळ्या आडव्या की उभ्या ते बघा. उभ्या असतील आणि पाऊस झाला असेल तर फटीत चाक जातं, २.४ नाही जाणार पण घसरतं नक्की. आणि हात धरायच्या जागांचं मी वर म्हणालो होतो ते सांगायचं राहिलं, आतल्या बाजूचे बार-एंड लावा. ग्रिप आणि ब्रेकच्या मध्ये दोन छोटी शिंगं, त्यावर हात ठेवला की मनगट हात मिळवताना असतं तसं सरळ होतं आणि नसेवरचा दाब हलतो. लांब सरळ पट्ट्यांवर मी जवळपास निम्मा वेळ त्यांच्यावरच असतो. फक्त गर्दी किंवा फाटक आलं की लगेच ब्रेकवर परत.

सावकाश_सायकली
हेच तर ग्रॅव्हलच्या हँडलला आयतं असतं.

माळरान
टेकड्याही करायच्यात त्यांना.

टाचणी
शॉकअप लॉक करायचा की नाही यावर कोणी बोललंच नाही. मी सांगतो, लॉक करा, जोर वाया जातो.

चेनतेल
डांबरावर लॉक करा. बारीक खडीवर, त्यातही जिथे स्लीपर काढल्यावर रोलर नीट फिरवलेला नसतो आणि आडव्या लहरी राहिल्यात तिथे उघडाच ठेवा, ज्यांचे हात बधिर होतायत त्यांनी तर नक्कीच. उभ्याने पायडल मारताना हलतो तेवढा हलू दे.

वळणवाट
ठीक. हवा २९-२७, सीटला टेपची खूण, दर दहा मिनिटांनी उठणार, शॉकअप उघडा, जाताना गिअर हलका. टायर आणि सीट आहे तेच. ते आतले बार-एंड लावायला ग्रिप काढावी लागेल का? माझ्या ग्रिप स्क्रूवाल्या आहेत.

चेनतेल
क्लॅम्प दोन तुकड्यांत उघडणारा घेतलात तर काहीच काढायचं नाही. बंद रिंगचा असेल तर आतल्या टोकाचा स्क्रू सैल करून ग्रिप बाहेर ओढा, मग बार-एंड, मग ग्रिप परत. त्याआधी ब्रेकचा लिव्हर आणि गिअरचा शिफ्टर बोटभर आत सरकवा नाहीतर जागा मिळणार नाही, एका बोटाने ब्रेक दाबता येतोय ना ते बघून घट्ट करा. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा आहे की कार्बनचा?