शब्दचर्चा : 'इंडी' खेळांना 'स्वतंत्र' म्हणावं का? आणि 'दुर्लक्षित' की 'अलक्षित'?

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांच्या पुरस्कारांवर मराठीत लेख लिहिते आहे. खेळ म्हणजे चारपाच जण टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, बोलत बोलत गोष्ट रचतात आणि अडेल तिथे फासे टाकतात तो. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हापासून बाजारावर त्याचीच छाया आहे. एकट्याने किंवा दोघांनी लिहिलेले, थोडक्या प्रती छापलेले खेळ त्या छायेत दिसत नाहीत. ते दिसावेत म्हणून काही पुरस्कार निघाले. २००२ मध्ये सुरू झालेले 'इंडी आरपीजी अवॉर्ड्स' त्यांपैकी एक ('इंडी' म्हणजे इंडिपेंडंट, 'आरपीजी' म्हणजे रोलप्लेइंग गेम). आता 'इंडी'ला काय म्हणू? 'रोलप्लेइंग'ला? आणि ज्या कामाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, त्या कामाला?

प्रतिसाद
सरळ 'स्वतंत्र खेळ' म्हणा. आणि 'उपेक्षित' हा रुळलेला शब्द आहे की. टेबलटॉपसाठी तर शोधायलाच नको, आपल्याकडे 'बैठे खेळ' आहेत. पत्ते, कॅरम, सोंगट्या सगळे त्यातच. तुमचा हा 'बैठा सोंगखेळ'!

प्रतिसाद
'सोंग' नको हो. भारुडात, दशावतारात सोंग मानाचं असतं हे कबूल. पण घरात आपण 'कसली सोंगं करतोस' म्हणतो ते रागावूनच. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात तेव्हाही सोंग म्हणजे खोटेपणाच. 'भूमिका' बरा. 'बैठे भूमिकाखेळ'.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. 'बैठा' अगदी नेमका सापडला, मी उगाच 'मेजावरचे' वगैरे खटपट करत होते. 'भूमिकाखेळ'ही घेतला.

'स्वतंत्र'वर मात्र थांबावं लागतंय. मराठीत 'स्वतंत्र कादंबरी' म्हटलं की वाचक समजतो, अनुवादित किंवा रूपांतरित नाही. इथे नेमकं उलट आहे. २०१०चा 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' घ्या. त्याच्या नियमांचा सांगाडा घेऊन, आणि तो घेतल्याचं उघड सांगून, इतरांनी किती खेळ लिहिले! 'डन्जन वर्ल्ड' त्यातलाच, 'मॉन्स्टरहार्ट्स'ही. या अर्थाने ते 'स्वतंत्र' नाहीत, तरी ते इंडी आहेत. कारण इंडी पुरस्कारांची कसोटी मालकीची होती. खेळाचे हक्क लिहिणाऱ्याकडे आहेत ना, छपाई-विक्रीचे निर्णय तोच घेतो ना, एवढंच बघायचं. आशय किती नवा, हा प्रश्न त्या व्याख्येत येत नाही.

काल रात्री कपाटातलं एक जुनं पुस्तक सहज उघडलं, तर शीर्षकपानाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं : 'सर्व हक्क लेखकाधीन'. शब्द तिथेच होता! 'लेखकाधीन खेळ'. मला तो फार आवडला. प्रथम वाचताना थोडा अडतो, पण खोटं सांगत नाही.

'उपेक्षित'बद्दल. उपेक्षेत बघूनही न बघणं आहे, आणि वर दयेची एक छटा चिकटलेली आहे. 'दुर्लक्षित'मध्येही बघणाऱ्याकडे दोष जातो. या खेळांच्या बाबतीत बहुतेकांनी पाठ फिरवलेली नसते, त्यांच्यापर्यंत खेळ पोचलेलाच नसतो. म्हणून 'अलक्षित'. किंवा सरळ बोलीतलं, 'नजरेतून सुटलेलं काम'. लेखाच्या मथळ्यात मी हेच घालणार आहे.

प्रतिसाद
तुम्ही 'पुरस्कार' हा शब्द गृहीत धरला आहे, त्याचंही बघा. 'बक्षीस' फारसीतून आलेलं, देणारा वर आणि घेणारा खाली. 'पारितोषिक'मध्ये 'परितोष' आहे, म्हणजे देणाऱ्याला संतोष झाला म्हणून दिलेलं. 'पुरस्कार' मात्र 'पुरस्' अधिक 'कृ', पुढे करणं. 'विधवाविवाहाचा पुरस्कार केला' म्हणतो तेव्हा कुठे चषक असतो?

मूळ प्रश्नकर्ती
हे वाचून खरंच आनंद झाला. इंडी पुरस्कारांत मत देणारे स्वतः असे खेळ लिहिणारेच असत. बरोबरीच्याने बरोबरीच्याला पुढे करायचं. 'बक्षीस' इथे चालणारच नाही.

याच्या जोडीला 'डायना जोन्स अवॉर्ड' बघा, २००१ पासूनचा. निवड समितीतल्या बहुतेकांची नावं गुप्त, आणि खप किंवा लोकप्रियता हा निकष नाही. त्याचं मानचिन्ह मला फार जवळचं वाटतं. १९८४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या टीएसआर कंपनीने 'इंडियाना जोन्स' चित्रपटांवर खेळ काढला होता. परवाना संपल्यावर कंपनीच्या ब्रिटनमधल्या कार्यालयात उरलेल्या प्रती जाळल्या. जळून उरलेला एक तुकडा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिरॅमिडमध्ये बसवला आहे. नावाची पहिली दोन रोमन अक्षरं जळाली, उरलं 'डायना जोन्स'. ज्या खेळाला त्याच्याच घरात जाळलं, त्याची राख आता हातोहात फिरते, कारण मानचिन्ह दरवर्षी पुढच्या मानकऱ्याकडे जातं.

तो फक्त खेळालाच मिळतो असंही नाही. २००६ मध्ये आयर्लंडमधल्या खेळमेळाव्यांत होणाऱ्या धर्मादाय लिलावांना दिला. म्हणून त्यासाठी 'उत्कृष्ट खेळाचा पुरस्कार' असं लिहिता येत नाही. 'खेळविश्वातल्या उत्कृष्टतेचा' लिहावं लागेल.

प्रतिसाद
आणि थोडक्या प्रतींच्या, कधीही निघणाऱ्या त्या छोट्या पुस्तिका, 'झीन'? त्यांना 'अनियतकालिक' म्हणता येईल का? साठच्या दशकात आपल्याकडे सायक्लोस्टाइल करून वाटलेली अनियतकालिकं निघालीच होती, प्रस्थापित मासिकांच्या बाहेर राहून.

मूळ प्रश्नकर्ती
येईल, आणि बिनदिक्कत. पिन मारलेली पानं, लेखकाच्याच हातची मांडणी, कुणी वाचावं म्हणून स्वतः केलेली धावपळ. तो शब्द आपल्याकडे त्याच कामासाठी घडला आहे.

एक अडचण अजून सुटलेली नाही. खेळ चालवणाऱ्या 'गेम मास्टर'ला मी 'सूत्रधार' लिहिते आहे, नाटकामुळे तो लगेच कळतो. पण 'फियास्को' या खेळात, ज्याला २०११चा डायना जोन्स मिळाला, असा कुणी नसतोच. टेबलाभोवतीचे सगळे आळीपाळीने प्रसंग मांडतात. 'सूत्रधाराविना खेळ' लिहिलं तर काहीतरी उणं आहे असं वाटतं. 'सगळेच सूत्रधार' लिहिलं तर? की यासाठी कीर्तन-भजनाच्या बाजूचा एखादा शब्द आहे, जिथे गाणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं? भजनी मंडळात बसणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.