मदत हवी आहे: वितळलेल्या पाण्याने ग्रीनलंडचा बर्फ जोरात सरकतो की मंदावतो?

ग्रीनलंडच्या हिमचादरीबद्दल वाचतोय आणि एका जागी अडकलोय.

2002 मध्ये झ्वाली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उन्हाळ्यात पृष्ठभागावरचं पाणी भेगांतून तळाशी पोचतं, तिथला दाब वाढतो आणि बर्फ खडकावरून जास्त वेगाने घसरतो. इथवर पटलं. 2006 च्या जुलैमध्ये तर पश्चिम ग्रीनलंडमधलं एक अख्खं तळं सुमारे 980 मीटर जाड बर्फ चिरून दीड तासाच्या आत खाली गेलं! (हे मी दोनदा वाचलं, तरी खरं वाटेना.)

पण टेडस्टोन आणि सहकाऱ्यांचा 2015 चा अभ्यास उलटं सांगतो. जमिनीवरच संपणाऱ्या एका भागात वितळणं वाढलं, तरी बर्फाचा वार्षिक वेग घटला. कारण असं देतात की पाणी भरपूर आलं की तळाशी मोठे बोगदे कोरले जातात, पाण्याचा झटपट निचरा होतो, दाब उतरतो आणि बर्फ खडकाला पुन्हा घट्ट टेकतो.

माझी अडचण इथे आहे. हिवाळ्यात हे बोगदे वरच्या बर्फाच्या वजनाने मिटतात ना? मग दरवर्षी नव्याने सुरुवात व्हायला हवी. वर्षानुवर्षं टिकणारी मंदी येते कुठून? बोगद्यांपासून दूर साठलेलं पाणीही हळूहळू झिरपून जातं का?

शिवाय याकोब्सहाव्नसारख्या थेट समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांना हेच लागू पडतं, की तिथे समुद्राचं कोमट पाणी आणि तुटणारे हिमकडेच जास्त प्रभावी?

गणित चालेल, पण भौतिकशास्त्र आधी सांगा.